मापुदुंगुन: स्पॅनिशमध्ये गेलेले शब्द आणि न मिटलेला अक्षरांचा वाद

चिलीच्या दक्षिणेत आणि अँडीजपलीकडे अर्जेंटिनाच्या नेउकेन, रिओ नेग्रो भागात मापुचे लोक राहतात. त्यांच्या मापुदुंगुन या भाषेचे नाते आजूबाजूच्या कोणत्याही भाषाकुळाशी खात्रीने जुळलेले नाही. ‘मापु’ म्हणजे भूमी, ‘चे’ म्हणजे माणसे, ‘दुंगुन’ म्हणजे बोलणे. डोंगराळ भागात तिला चेदुंगुन म्हणतात, तर हुइयिचे, म्हणजे दक्षिणेकडचे मापुचे, त्सेसुंगुन म्हणतात. स्पॅनिशांनी लादलेले ‘आराउकानो’ हे नाव जुन्या पुस्तकांत पानोपानी भेटते, पण मापुचे स्वतः ते सहसा वापरत नाहीत.

जुना इतिहास थोडक्यात असा. इंकांची सत्ता मौले नदीच्या आसपास थांबली, तरी ‘पाताका’ (शंभर) आणि ‘वारांका’ (हजार) हे अंक उत्तरेकडून या भाषेत येऊन बसले. स्पॅनिश १५४१ मध्ये सान्तियागोत स्थिरावले. मापुचेंकडून झालेल्या १५९८ च्या पराभवानंतर बिओबिओ नदीच्या दक्षिणेची त्यांची बहुतेक गावे गेली आणि १६४१ च्या तहात ती नदी सीमा ठरली. पुढची सुमारे अडीचशे वर्षे त्या सीमेवर व्यापार, धाडी, तह आणि दुभाषे असे सगळेच चालले. मिशनऱ्यांनी १६०६, १७६५ आणि १७७७ मध्ये व्याकरणे छापली. त्यांत त्यांना एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचनही नोंदवावे लागले. संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला त्याचे नवल वाटणार नाही.

याच काळात घोडा, गाय, मेंढी यांचे शब्द स्पॅनिशमधून मापुदुंगुनमध्ये आले, आणि पाहुण्यासारखे राहिले नाहीत. ‘ञि चाउ किन्तुवाकालेइ’ म्हणजे ‘माझे वडील गाई शोधत आहेत’. इथे स्पॅनिश ‘वाका’ थेट क्रियापदाच्या पोटात बसली आहे: किन्तु (शोध), वाका (गाय), त्यापुढे चालू क्रियेचा आणि तृतीय पुरुषाचा प्रत्यय. परका शब्द पचवला म्हणतात तो असा.

उलट दिशेची देवाणघेवाण वेगळी आहे. गावांची नावे, झाडे आणि प्राणी तर स्पॅनिशने घेतलेच. तेमुको, कुरिको यांतला ‘को’ म्हणजे पाणी. पिचिलेमु म्हणजे छोटे रान आणि सान्तियागोतले उच्चभ्रू विताकुरा म्हणजे मोठा दगड. थेट ब्युनोस आयर्स प्रांतात त्रेंके लाउकेन, म्हणजे ‘गोल तळे’, भेटते, कारण सतराव्या-अठराव्या शतकांत ही भाषा पूर्वेला पंपास मैदानावर पसरली होती. चिलीचे राष्ट्रीय फूल कोपिवे हेही मापुचे नाव. माणसांच्या व्यवहारातले शब्द मात्र बहुतेक घरगुती, किंबहुना खालच्या पायरीचे. पोटाला ग्वाता, गावठी कुत्र्याला किल्त्रो, अंगावरच्या मळाला पिन्येन. ‘कावीन’ मुळात एकत्र जमून केलेला सोहळा, चिलीच्या स्पॅनिशमध्ये त्याची कुटाळकी झाली. हा उतार योगायोगाचा नाही. ज्यांच्याकडून शब्द घेतला त्यांना समाजात कुठे बसवले होते, ते त्यात दिसते. ‘फुना’ची गोष्ट जरा निराळी. मूळ अर्थ कुजणे, नासणे. १९९९ पासून हुकूमशाहीतल्या छळ करणाऱ्यांच्या घरासमोर जाऊन त्यांची नावे जाहीर करण्याला हा शब्द लागला आणि आज समाजमाध्यमांवर कुणाला उघडे पाडणे म्हणजेही ‘फुनार’.

स्वयंपाकघरातला मेरकेन आता जगभर विकला जातो. शेळीच्या शिंगासारख्या वळणाची लाल मिरची आधी उन्हात वाळवतात, मग लाकडाच्या धुरावर धरतात आणि भाजलेले धणे व मीठ घालून कुटतात. धणे युरोपातून आले, मिरची तिथलीच.

एक दावा मात्र टिकला नाही. १८९० च्या दशकात चिलीत आलेल्या एका जर्मन अभ्यासकाने लिहिले की चिलीचे स्पॅनिश म्हणजे मापुचे उच्चारांतले स्पॅनिश. पुढे १९४० च्या सुमारास दाखवून देण्यात आले की ती लकब स्पॅनिश जगात इतरत्रही आहे. शब्द आले, उच्चार आले नाहीत.

१८८३ पर्यंत चिलीच्या लष्कराने तो प्रदेश ताब्यात घेतला. अर्जेंटिनाची मोहीमही त्याच सुमाराची. पुढे शाळेत फक्त स्पॅनिश. त्यामुळे भाषा लिहायची कशी हा प्रश्न उशिरा, १९८० च्या दशकात ऐरणीवर आला, आणि आजही तिथेच आहे.

तीन वर्णमाला चालतात. १९८६ मध्ये तेमुकोत भाषातज्ज्ञांच्या बैठकीतून आलेली ‘युनिफिकादो’ स्पॅनिश वाचणाऱ्याला ओळखीची वाटते. दातांवर जीभ टेकवून उच्चारायचे ल, न, त दाखवायला तीत अक्षराखाली रेघ लागते. साध्या मजकुरात नक्कल केली की ती रेघ गळते आणि दोन वेगळे ध्वनी एक होतात. ‘रागिलेओ’ वर्णमाला एका मापुचे भाषाविदाची, त्याच्याच आडनावाने ओळखली जाणारी. एका ध्वनीला एकच अक्षर, जोडाक्षर नाही, आणि स्पॅनिशपासून मुद्दाम अंतर. तिसरी ‘आझुमचेफे’ १९९० च्या दशकात सरकारी आदिवासी विभागाने पुढे आणली. ती दोघींच्या मधली.

भांडणाचे मूळ रोमन ‘जी’ या एका अक्षरात आहे. भाषेत ङ आहे, आणि तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. मराठी वर्णमालेत ङ असूनही शब्दारंभी तो आपण कधी उच्चारत नाही, त्यामुळे ‘दुंगुन’मधला ‘ग’ आपल्याकडून हमखास वाजतो. खरा उच्चार ‘दुङुन’. स्पॅनिश कानालाही हा ध्वनी पेलला नाही, म्हणून ‘ङियातुन’ या सामूहिक प्रार्थनेचे तिथे ‘गियातुन’ झाले. युनिफिकादोत ङ साठी ‘एन-जी’ आणि घर्षक ग (घशात हवा घासत निघणारा मऊ ग) साठी ‘जी’. बाकी दोन्हींत ङ म्हणजे नुसता ‘जी’ आणि घर्षक ग म्हणजे ‘क्यू’. तेच अक्षर, वेगळा ध्वनी. कोल्ह्याचा शब्द युनिफिकादोत ‘एन-जी’ने सुरू होतो, तर रागिलेओत ‘जी-व्ही-आर-व्ही’ असा स्वरहीन दिसतो, कारण अ, ए, इ, ओ, उ यांपलीकडचा सहावा स्वर तिथे ‘व्ही’ने लिहितात.

जुना मजकूर एका वर्णमालेतून दुसरीत नेताना क्रम चुकला की सगळे बिघडते. युनिफिकादोतून आझुमचेफेत जाताना आधी ‘एन-जी’च्या जागी तात्पुरते चिन्ह टाकायचे, मग उरलेल्या ‘जी’चे ‘क्यू’ करायचे, आणि शेवटी त्या चिन्हाचे ‘जी’. पहिल्या झटक्यात ‘एन-जी’चे ‘जी’ केले तर पुढच्या पायरीत प्रत्येक ङ चा घर्षक ग होतो.

विद्यापीठांची पुस्तके बहुधा युनिफिकादोत, सरकारी साहित्य आझुमचेफेत, आणि संघटनांचा ओढा रागिलेओकडे. तज्ज्ञ म्हणतात, मुलांना आधी स्पॅनिश वाचता येते, तर तीच सोय घ्या. समाजातले म्हणतात, आमची भाषा स्पॅनिशच्या ठशात का घालायची? दुसरे म्हणणे भावनेचे ठरवून बाजूला टाकण्यासारखे नाही, कारण शब्द, नावे, जमीन यांबाबत आधी कधीच कोणी विचारले नव्हते. २००६ मध्ये एका बड्या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने संगणकप्रणाली मापुदुंगुनमध्ये आणली, तेव्हा मापुचे नेते याच मुद्द्यावर कोर्टात गेले: भाषा समाजाची आहे, परवानगी कुणाकडून घेतली?

१९९३ चा आदिवासी कायदा, १९९६ पासून द्विभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम, २०१० पासून आदिवासी मुले मोठ्या प्रमाणात असलेल्या शाळांत भाषा हा स्वतंत्र विषय, असे टप्पे पुढे पडत गेले. २०१३ मध्ये गाल्वारिनो या छोट्या नगरपालिकेने मापुदुंगुनला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला. ४ जुलै २०२१ रोजी संविधानसभेच्या अध्यक्ष झालेल्या मापुचे भाषाविद बाईंनी भाषणाची सुरुवात मापुदुंगुनमध्ये केली. त्या सभेने तयार केलेला नव्या संविधानाचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये मतदारांनी फेटाळला. गाल्वारिनोचा निर्णय नगरपालिकेचा असल्याने त्याला धक्का लागला नाही.