घाटातली माती, समुद्रातला उजेड

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापूरच्या गाड्या गगनबावड्यावरून खाली कोकणात उतरतात. मालवणला स्कुबा करून आलेल्या पुष्कळांची तक्रार एकच असते: पाणी गढूळ होतं, फार काही दिसलं नाही. त्याचं एक कारण आपल्याच घाटात आहे. गगनबावड्यावर पडलेला पाऊस पूर्वेला वळला तर कुंभीतून पंचगंगेला मिळतो. पश्चिमेला वळला तर माती घेऊन थेट अरबी समुद्र गाठतो.

प्रवाळाला हा गाळ सोसत नाही. दिसायला दगड असला तरी प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव काही मिलिमीटरचा; तोंडाभोवती दंश करणाऱ्या शुंडकांचं कडं, बुडाशी स्वतःच बांधलेला चुन्याचा पेला. रात्री तो शुंडकं पसरून बारीक जीव पकडतो. पण त्याचं पोट मुख्यतः भरतं ते अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर. ती उन्हावर साखर तयार करतात आणि बरीचशी प्रवाळाला देतात. गाळ आला की उजेड अडतो. मालवणला प्रवाळ आहेत, पण त्यात गाळ सोसणारे चिवट प्रकारच जास्त.

म्हणूनच आंग्रिया बँक मला फार मोलाची वाटते. किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं हे बुडालेलं पठार. त्याचा माथा पाण्याखाली जेमतेम २० मीटरवर. घाटातली माती तिथवर पोहोचत नाही, ऊन तळापर्यंत जातं आणि प्रवाळ फोफावतात. गाळापासून अंतराने वाचवलं, तापणाऱ्या पाण्यापासून मात्र ते वाचवणार नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर शैवालं निघून जातात, प्रवाळ पांढरे पडतात आणि उपासमारीने मरूही शकतात.

मग जिथे ऊन पोहोचतच नाही, तिथे? १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ ‘अॅल्विन’ पाणबुडी सुमारे २,५०० मीटर खोल उतरली. आत भूशास्त्रज्ञ होते, शोध गरम झऱ्यांचा होता. मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. त्यांना झऱ्यांभोवती जीवांची दाटी दिसली. त्यातले नळीकृमी तर दोन मीटरपर्यंत वाढतात. पांढऱ्या नळीतून लालभडक तुरा बाहेर. तोंड नाही, आतडं नाही. तुऱ्यातलं हिमोग्लोबिन प्राणवायू आणि झऱ्यातला हायड्रोजन सल्फाइड दोन्ही शोषून आतल्या जिवाणूंना पोहोचवतं, आणि ते जिवाणू त्यावर अन्न बनवतात. प्रवाळ आणि शैवाल यांच्यासारखीच ही भागीदारी, फक्त उन्हाच्या जागी गंधकाचं रसायन. तरी त्यांना लागणारा प्राणवायू वरच्या उजेडातल्या वनस्पती आणि शैवालांनीच सोडलेला असतो.