जाहिरातरोधन आणि सशुल्क व्हिडिओ सेवा (मराठवाडा)

इंटरनेटवर व्हिडिओ पाहताना मध्येच येणारी जाहिरात दोन प्रकारे टाळता येते. ती पडद्यापर्यंत पोचूच न देणारे सॉफ्टवेअर वापरणे म्हणजे जाहिरातरोधन. बोलण्यात त्याला ‘ॲडब्लॉक’ म्हणतात. दुसरा प्रकार सेवेला दरमहा पैसे भरण्याचा, म्हणजे ‘प्रीमियम घेण्याचा’. संगणकवाल्यांच्या जगात या दोहोंपैकी रास्त कोणता यावर वीस वर्षे वाद चालू आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांत मात्र बहुतेक पाहणारा यांपैकी काहीच करत नाही. तो ‘स्किप’ची अक्षरे उमटेपर्यंत अंगठा तयार ठेवून बसतो. त्यामागे तत्त्व नाही. हातातला फोन आणि पैसे भरण्याची रीत यांनी ते ठरवून टाकले आहे.

रोधनाचे तंत्र

ब्राउझरमधील पहिला नावाजलेला जाहिरातरोधक, ॲडब्लॉक, २००२ मध्ये हेन्रिक आस्टेड सोरेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने लिहिला. २००६ मध्ये ॲडब्लॉक प्लस आला. २०१४ मध्ये रेमंड हिल यांनी यूब्लॉक सुरू केला आणि त्यातूनच आजचा यूब्लॉक ओरिजिन निघाला. सर्वांचे मूळ काम सारखेच. जाहिराती कोणत्या पत्त्यांवरून येतात याच्या याद्या स्वयंसेवक राखतात. २००५ मध्ये सुरू झालेली ईझीलिस्ट ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध यादी. पान उघडताना ब्राउझरने यादीतल्या पत्त्याकडे मागणी केली की रोधक ती मागणी अडवतो. जाहिरात लपवली जाते असे अनेकांना वाटते, पण ती बहुधा उतरवलीच जात नाही, त्यामुळे डेटाही वाचतो.

फोनवर हे सरळ चालत नाही. यूट्यूब किंवा जिओहॉटस्टारच्या ॲपमध्ये बाहेरचे एक्स्टेन्शन, म्हणजे रोधकासारखा वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवता येत नाही. अँड्रॉइडवर फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह ब्राउझरमधून यूट्यूबची साइट उघडली तर रोधन होते, पण ॲप सोडून ब्राउझरमध्ये व्हिडिओ पाहणारा विरळाच. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा स्वतः निवडण्याची, सोय आहे. तिथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की पुष्कळ ॲपमधल्या आणि साइटवरच्या जाहिराती थांबतात. यूट्यूबच्या थांबत नाहीत, कारण तिथे जाहिरात आणि व्हिडिओ एकाच घरच्या पत्त्यावरून येतात. थेट क्रिकेटमध्ये तर जाहिरात सर्व्हरवरच प्रक्षेपणात शिवून पाठवता येते. अशी जाहिरात यादीने ओळखता येत नाही.

कंपन्यांनीही दारे बंद करत आणली आहेत. जाहिरातीविना यूट्यूब दाखवणारे व्हॅन्स्ड हे बदललेले ॲप गूगलच्या कायदेशीर नोटिशीनंतर मार्च २०२२ मध्ये बंद झाले. २०२३ मध्ये यूट्यूबने रोधक वापरणाऱ्यांचे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली. पुढे गूगलच्या क्रोमने एक्स्टेन्शनचे जुने नियम मोडीत काढले आणि यूब्लॉक ओरिजिनचे पूर्ण रूप तिथे चालेनासे झाले. फायरफॉक्सवर ते चालते. कायद्याचे म्हणाल तर जाहिरात अडवण्याला मनाई करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. यूट्यूबच्या सेवाशर्तींत ते बसत नाही, एवढेच. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये ॲडब्लॉक प्लसच्या बाजूने निकाल दिला होता.

पैसे भरण्याची बाजू

यूट्यूब प्रीमियम भारतात मार्च २०१९ मध्ये महिना १२९ रुपयांना आले. ऑगस्ट २०२४ मध्ये दर १४९ झाला. कुटुंबासाठी २९९, विद्यार्थ्यांसाठी ८९. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे जाहिरातीपासून महिन्याची सुटका जवळपास अर्ध्या दिवसाच्या कामाला पडते. शहरात नोकरी करणाऱ्याला हा आकडा चहापाण्याचा वाटेल. गेवराईच्या किंवा किनवटच्या घरात तोच आकडा फोनच्या रिचार्जशी भांडतो, आणि रिचार्ज जिंकतो.

शिवाय पैसे भरले की जाहिरात गेली असेही राहिलेले नाही. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतातल्या सभासदांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या काढण्यासाठी महिना १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये वेगळे मागितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून झालेल्या जिओहॉटस्टारची मोबाईल योजना सुरुवातीला तीन महिन्यांना १४९ रुपये होती, तीही जाहिरातींसकट. महागड्या योजनेतही थेट सामन्यांतल्या जाहिराती राहतातच. जे विकले जाते ते ‘कमी जाहिराती’, हे वाक्य जाहिरातीत मात्र कुठे दिसत नाही.

मराठवाड्यातील व्यवहार

इथले व्हिडिओ पाहणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर आणि डेटा स्वस्त झाल्यावर. तेव्हापासून मनोरंजनाचा खर्च हा वेगळा खर्च राहिला नाही, तो रिचार्जमध्ये विरघळला. ‘हॉटस्टार फुकट आहे’ असे सांगणारा माणूस बहुतेकदा रिचार्जसोबत आलेल्या सभासदत्वाबद्दल बोलत असतो. ते फुकट नसते, पण वेगळे कापले जात नाही, आणि तेच महत्त्वाचे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या डेट्यातून जाहिरातही उतरते, म्हणजे ती पाहण्याचा भारही पाहणाऱ्यावरच पडतो. जाहिरातरोधनाच्या बाजूने केले जाणारे युक्तिवाद पुष्कळ आहेत. मोजून डेटा मिळणाऱ्या माणसाकडे हा सर्वांत सरळ आहे.

पैसे आपोआप कटण्याची धास्ती हे दुसरे कारण. एक महिना मोफत म्हणून ‘ऑटोपे’ला होकार दिला जातो आणि पुढच्या महिन्यात खात्यातून रक्कम जाते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते. पण ती एसएमएसने येते, बहुधा इंग्रजीत, आणि कर्जाच्या नि लॉटरीच्या मेसेजांत बुडून जाते. सभासदत्वाच्या अशा सापळ्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांमध्ये धरले आहे. तरीही एकदा पैसे गेलेला माणूस पुन्हा त्या बटणाला हात लावत नाही, आणि शेजाऱ्यालाही लावू देत नाही.

मग प्रीमियम घेतो कोण? एक वाट पुण्याहून येते. हिंजवडीत किंवा चाकणला नोकरी करणारा मुलगा कुटुंब योजना घेतो आणि परभणीतल्या आईवडिलांचा टीव्ही त्यावर चालतो. योजनेच्या अटीप्रमाणे सर्वांनी एकाच घरात राहायला हवे. मराठवाड्यात ‘एक घर’ म्हणजे काय, हे अट लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेर पासवर्ड देण्यावर बंधने आणली, तेव्हा अशा पुष्कळ जोडण्या तुटल्या.

दुसरा गट लातूरच्या ट्यूशन एरियातला. नीट आणि जेईईची तयारी करणारी मुले भौतिकशास्त्राचे तासच्या तास यूट्यूबवर ऐकतात, आणि गणित अर्ध्यावर असताना जाहिरात लागणे हा त्यांचा खरा वैताग असतो. ८९ रुपयांची विद्यार्थी योजना उच्च शिक्षण संस्थेत शिकणाऱ्यांसाठी आहे. अकरावी-बारावीचा मुलगा तिच्यात बसत नाही. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे ते रोधक टाकतात. मराठवाड्यात मूळ अर्थाचे जाहिरातरोधन कुठे पाहायचे असेल तर ते अशा खोल्यांत आणि अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत.

कीर्तनाचा प्रश्न वेगळा. यूट्यूबवर कीर्तने आणि हरिपाठ ऐकणारा वर्ग इथे मोठा आहे. अभंगाच्या मध्येच ‘रमी खेळा, लाखो जिंका’ ऐकू येणे ही ज्येष्ठांची जुनी तक्रार होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. फोनवरचा जाहिरातरोधक जे करू शकला नव्हता ते निदान एका प्रकारापुरते संसदेने केले.

वाद

रोधनाला चोरी म्हणावे का, यावर गावच्या भाषेत विचार केलेला बरा. माळेगावच्या खंडोबा यात्रेत तिकीट न काढता तमाशाच्या कनातीखालून आत शिरणारा आणि कीर्तन संपताना आरतीचे ताट जवळ आले की हळूच उठणारा, हे दोघे सारखे नव्हेत. पहिल्याने तिकीट चुकवले. दुसऱ्याने न मागितलेले दिले नाही. मोफत यूट्यूबवर रोधक वापरणारा दुसऱ्याच्या जवळचा आहे, आणि टेलिग्रामवरून चित्रपट उतरवून घेणारा उघड पहिल्यातला. मात्र ताटात काहीच पडले नाही तर महाराज पुढच्या वर्षी येत नाहीत, हेही गावाला माहीत असते.

यूट्यूब लांब व्हिडिओवरील जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला देते. प्रीमियमच्या वर्गणीतला वाटा सभासदाने कोणाला किती वेळ पाहिले यावरून वाटला जातो. रोधक लावून पाहिलेल्या व्हिडिओतून निर्मात्याला जाहिरातीचे काहीच मिळत नाही. जाहिरातींच्या वाट्यासाठी चॅनेलला एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तासांचे पाहणे, किंवा तेवढ्या तोलाचे शॉर्ट्सचे पाहणे, असावे लागते. शेतीसल्ला, बाजारभाव नि तालुक्याच्या बातम्या देणारी पुष्कळ चॅनेले त्या उंबऱ्याच्या अलीकडेच राहतात. म्हणून त्यांनी आपला मार्ग काढला आहे. सोयाबीनचा भाव सांगण्याआधी निवेदक स्वतःच गावातल्या कृषी सेवा केंद्राचे किंवा ट्रॅक्टरच्या शोरूमचे नाव घेतो. ही जाहिरात व्हिडिओच्या आतच असते, त्यामुळे ती यूब्लॉकने जात नाही आणि १४९ रुपये भरूनही जात नाही. अशा जागा ओलांडणारे स्पॉन्सरब्लॉक नावाचे साधन आहे, पण कोणीतरी व्हिडिओ पाहून सुरुवात-शेवटाची खूण करून ठेवली असेल तरच ते चालते. लातूरच्या आडतीतल्या भावावर अशी खूण करायला सहसा कोणी बसत नाही.