हवेतील रसायनांची वर्णपटीय ओळख

हवेत मिसळलेले वायू त्यांनी शोषलेल्या प्रकाशावरून ओळखण्याची आणि ती ओळख न्यूरल नेटवर्ककडून, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीकडून, पटवून घेण्याची पद्धत. रेणूतील बंध ठरावीक वारंवारतेनेच कंप पावतात, म्हणून बहुतेक वायू अवरक्त किरणांतील आपापले पट्टे शोषतात. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन व ऑक्सिजन हे किरण जवळजवळ शोषतच नाहीत. त्यामुळे उरलेल्या एका टक्क्यातले, हे किरण शोषणारे वायू उठून दिसतात.

खानदेशात या पद्धतीचा उपयोग समजून घ्यायला केळीच्या वखारीइतकी चांगली जागा नाही. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यातली केळी कच्ची उतरवतात आणि नंतर एथिलीन वायू सोडून पिकवतात. भारतात दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत त्याची परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला बंदी आहे. त्याची पूड ओलाव्याने अ‍ॅसिटिलीन सोडते आणि त्यासोबत फॉस्फीन व आर्सीन या विषारी वायूंचे अंशही येतात. केळी दोन्हींनी पिवळी होतात. सालीवरून न कळणारा हा फरक वर्णपटात, म्हणजे कुठे किती प्रकाश शोषला गेला याच्या आलेखात, मात्र कळतो: एथिलीनचा ठळक पट्टा ९४९ प्रति सेंमी (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लाटांची संख्या) इथे, अ‍ॅसिटिलीनचा ७२९ला.

अडचण गर्दीची आहे. पिकणारी केळी श्वसन करतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि त्याची ७२० व ७४१ जवळची शिखरे अ‍ॅसिटिलीनला दोन्ही बाजूंनी घेरतात. शेजारी गोठा असला, तर अमोनियाची ९३० व ९६७ची शिखरे एथिलीनभोवती येतात. एकाच शिखरावर भिस्त ठेवणारे यंत्र अशा वखारीत वापरू नये. न्यूरल नेटवर्क शिखरांची रुंदी, उतार, परस्पर प्रमाण असा संपूर्ण आकार शिकते. शिकवणीसाठी हजारो मिश्रणे प्रत्यक्ष करावी लागत नाहीत: बिअर-लँबर्ट नियमानुसार वायूंचे शोषणांक एकमेकांत मिळवता येतात, म्हणून शुद्ध वायूंच्या वर्णपटांतून संगणकावरच मिश्रणे तयार होतात. त्यात पाण्याची वाफ आणि उपकरणाचा गोंगाट मुद्दाम घालतात.

तापमानही सांभाळावे लागते. हायट्रान या वायूंच्या वर्णपटांच्या प्रसिद्ध संग्रहात शोषण-रेषांची तीव्रता २९६ केल्विनला, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअसला दिलेली असते. भुसावळच्या मे महिन्यातली हवा ४५ अंशांवर जाते. वखार १६ ते १८ अंशांवर असते. दोन्हींसाठी आकडे बदलून घ्यावे लागतात.

न शिकवलेला वायू समोर आला, की साधे नेटवर्क त्याला ओळखीच्याच एखाद्या नावात बसवते. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, हवेत कीटकनाशकांची वाफ असताना, हा धोका खराच असतो, म्हणून ‘अनोळखी’ हे उत्तर देण्याची सोय त्यात सुरुवातीपासूनच ठेवावी लागते.