मरियेकडून मनन शिकणे (गोव्यातील कॅथलिक कुटुंबे)

गोव्यातील कॅथलिक घरांत मनाने प्रार्थना करण्याचे वळण मुलांना बहुधा संध्याकाळच्या तेर्सात, म्हणजे घरच्या रोझरीत लागते. या मननाचा आदर्श येशूची आई मरिया. घडलेल्या गोष्टी तिने अंतःकरणात जपून ठेवल्या, असे बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात दोनदा (२:१९ आणि २:५१) म्हटले आहे. दुसरा प्रसंग कुटुंबांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, त्याचे उत्तर आईवडिलांना उमगत नाही, तरी मरिया ते मनात ठेवते. न उमगलेले टाकून द्यायचे नाही, त्याचा घाईने अर्थही लावायचा नाही. ते देवासमोर घेऊन बसायचे. घरातले आजारपण, आखातात नोकरीला गेलेला बाप, भावांमधला अबोला हे सगळे अशाच मननाचे विषय होत.

आंजेलूसची, म्हणजे चर्चमधली संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की घरच्या ऑराटोरापुढे (छोट्या वेदीपुढे) दिवा किंवा मेणबत्ती लावतात. माळेत ५९ मणी असतात. ६ मोठ्या मण्यांवर ‘आमच्या बापा’ आणि ५३ लहान मण्यांवर ‘नमान मरिये’ ही प्रार्थना म्हणतात. येशू आणि मरिया यांच्या जीवनातल्या ज्या प्रसंगांवर मनन करतात, त्यांना रहस्ये म्हणतात. सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची रहस्ये घेतात. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये सुचवली. एका रहस्यावरचे दहा ‘नमान मरिये’ म्हणजे एक दशक. पाच दशकांना सुमारे वीस मिनिटे लागतात.

मनन होते ते मण्यांच्या मधल्या जागेत. रहस्याचे नाव घेतल्यावर शुभवर्तमानातली दोन-तीन वाक्ये वाचावीत आणि दहा-पंधरा सेकंद सर्वांनी गप्प राहावे. एवढा वेळ पहिल्या आठवड्यात फार लांब वाटतो, पण तो कापू नये. मग दशक सुरू करावे. ‘नमान मरिये’चा पूर्वार्ध येशूच्या नावापाशी संपतो, तिथे क्षणभर थांबावे.

नेमके इथेच बहुतेक घरांत बिघडते. पूर्वार्ध सांगणाऱ्याने येशूचे नाव पुरते उच्चारण्याआधीच बाकीचे उत्तरार्ध सुरू करतात, दोन्ही अर्ध एकमेकांवर चढतात आणि उरते ती नुसती मोजणी. मननाशिवाय रोझरी म्हणजे आत्म्याविना शरीर, असे पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्ये लिहिले, ते याच धोक्याबद्दल. उपाय साधा: सर्वांत सावकाश बोलणाऱ्या आजीला सांगायला बसवावे, वेग आपोआप उतरतो.

दुसरा दोष अधिक दुखावणारा. ‘आमच्या पोराला अभ्यासाची बुद्धी दे’ असे पोराच्या तोंडावर मोठ्याने मागितले की ती प्रार्थना राहत नाही, टोमणा होतो, आणि ते पोर पुढे तेर्स टाळू लागते. मरियेची रीत वेगळी आहे. काना येथील लग्नात ती येशूला ‘त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही’ एवढेच सांगते (योहान २:३). कुणाला दोष देत नाही, उपायही सुचवत नाही. घरातल्या प्रत्येकाने दिवसातली एकच गोष्ट अशा एका वाक्यात मांडावी. इतरांनी त्यावर सल्ला देऊ नये.

लहान मुलांना पाचही दशके बसवणे जुलमाचे आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एकच दशक पुरे, मात्र ते त्याने स्वतः सांगावे. माळ त्याच्या हातात असली की लक्ष टिकते. शेवटी मुले वडीलधाऱ्यांकडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद घेतात. दिवसभराची चिडचिड बरेचदा तिथे मिटते, म्हणून घाई असली तरी ते वगळू नये.

वाड्यावर घरोघर फिरणारी सायबिणीची, म्हणजे मरियेची मूर्ती आपल्याकडे मुक्कामाला येते तेव्हा तेर्साला शेजारीही जमतात. गाणी, लादाईन (मरियेची स्तुतिमाला), उकडलेले चणे यांत यजमानीण इतकी गुंतते की तिलाच बसायला मिळत नाही. चणे दुपारीच उकडून ठेवावेत आणि वाटायचे काम शेजाऱ्यांवर सोपवावे.