किरणांनी ऑक्सिडीकृत झालेले आणि ग्रंथीतून सुटलेले क जीवनसत्त्व

क्ष-किरण किंवा गॅमा किरण दिल्यानंतर प्राण्याच्या ऊतीतील क जीवनसत्त्व घटलेले आढळले, की ते किरणांनी नष्ट केले असे सहज म्हटले जाते. शिरवळला पशुवैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष लिहिण्याआधी दोन घटना वेगळ्या ओळखायला हव्यात.

पहिली घटना रासायनिक आहे. किरणांमुळे पेशीतले पाणी फुटून हायड्रॉक्सिल मूलके (इलेक्ट्रॉन हिसकावून घेणारे अस्थिर अणुगट) तयार होतात आणि त्यांना इलेक्ट्रॉन देता देता अॅस्कॉर्बिक आम्लाचे, म्हणजेच क जीवनसत्त्वाचे, डिहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्ल होते. पेशीतल्या ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूच्या मदतीने ते पूर्ववत होऊ शकते. तसे झाले नाही, तर काही मिनिटांत त्याच्या रेणूतले अणूंचे वलय उघडते आणि ते कायमचे वाया जाते. मात्र हिशेब करून पाहावा. १ ग्रे म्हणजे प्रतिकिलो १ ज्यूल ऊर्जा, आणि एका ज्यूलमागे सुमारे ०.२८ मायक्रोमोल (मायक्रोमोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. म्हणजे ५ ग्रे इतक्या जबर मात्रेनेही किलोभर ऊतीत १.४ मायक्रोमोलच मूलके होणार, तर उंदराच्या यकृतात प्रतिकिलो हजाराहून अधिक मायक्रोमोल क जीवनसत्त्व असते. सगळी मूलके त्याच्यावरच खर्ची पडली असे मानले, तरी घट एक टक्काही भरत नाही.

मोठी घट दिसली, तर संशय दुसऱ्या घटनेवर घ्यावा. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीत या जीवनसत्त्वाचा साठा विलक्षण असतो; पांढऱ्या उंदरात तो १०० ग्रॅम ऊतीमागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. (हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-जॉर्जी यांनी १९२८ मध्ये हा पदार्थ वेगळा केला, तेव्हा त्यांनीही अधिवृक्क ग्रंथीच वापरल्या होत्या.) किरणांचा शरीरावर ताण पडला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एसीटीएच हे अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक स्रवते आणि अधिवृक्क ग्रंथी आपला साठा रक्तात सोडते. येथे रेणू नष्ट झालेला नसतो, त्याने जागा बदललेली असते. पियुषिका काढून टाकलेल्या प्राण्यात किरणांनंतरची घट दिसेनाशी झाली, तर ती या दुसऱ्या प्रकारची होती, असे मानता येते.

नंतरची भरपाई प्राण्यानुसार बदलते. माणच्या रानात चरणारी शेळी आणि प्रयोगशाळेतला उंदीर यकृतात क जीवनसत्त्व तयार करतात. गिनीपिग आणि माणूस यांना ते आहारातूनच मिळवावे लागते. किरण दिलेला गिनीपिग खाणे कमी करतो, त्यामुळे तुलनेसाठी ठेवलेल्या गिनीपिगलाही रोज तेवढेच मोजून खाद्य द्यावे. नाहीतर उपासमारीची घट किरणांच्या खात्यावर मांडली जाते.