एटीव्हीचा शॉक घरी उघडावा का?

एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी फुगीर टायरांची छोटी चारचाकी, खड्ड्यात आपटायला लागली की पहिला सल्ला ठरलेला : "स्प्रिंग बसली, कडक करून घ्या." हुक पान्ह्याने शॉकवरची (धक्का जिरवणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरवरची) रिंग वर चढवली जाते, गाडी जरा उंच दिसते, दोन दिवस बरंही वाटतं. मग तीच गाडी प्रत्येक उंचवट्यावर उडायला लागते आणि आता पूर्ण सस्पेन्शनच खोलायला हवं असा निष्कर्ष निघतो. दुखणं बहुतेक वेळा स्प्रिंगचं नसतंच. ते एक तर चाक चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणाऱ्या ए-आर्मच्या सांध्यांतल्या बुशांमध्ये असतं, नाही तर शॉकच्या नळीतल्या तेलात. पहिलं घरी दुरुस्त होतं. दुसऱ्याला हात लावण्याआधी त्या नळीत काय चालतं ते नीट पाहायला हवं.

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि जशीच्या तशी परत करते. ३०० किलोची गाडी आणि ७५ किलोचा चालक अर्ध्या मीटरवरून खाली आले तर साधारण १८०० जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. फुगीर टायर थोडी झेलतात, पण तेही स्प्रिंगच. उरलेली जिरवायची तर तिची उष्णता करावी लागते, आणि ते काम तेलाचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला भोकं. चाक वर आलं की दट्ट्या सरकतो आणि तेल भोकांतून जबरदस्तीने पलीकडे जातं. खडकाळ वाटेवर तासभर चालवल्यावर शॉकची नळी चांगलीच तापते, ती याचमुळे.

पण नुसती भोकं पुरत नाहीत. अरुंद भोकातून वेगाने जाणाऱ्या द्रवाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हलक्या चढउतारावर दट्ट्या सेकंदाला ०.१ मीटर वेगाने सरकत असेल आणि विरोध १०० न्यूटन असेल, तर अचानक दगड लागून वेग दहापट झाला की विरोध शंभरपट होणार. म्हणजे १०,००० न्यूटन, एक टन वजनाएवढा धक्का थेट चेसीत. म्हणून भोकांच्या तोंडावर पोलादाच्या पातळ गोल चकत्या एकावर एक रचतात. त्यांना शिम म्हणतात. कमी वेगाला त्या भोकं जवळपास झाकून ठेवतात, दाब वाढला की कडेने वाकतात आणि तेलाला वाट रुंद करून देतात. विरोध वर्गाच्या हिशेबाने न चढता आटोक्यात राहतो.

या चकत्या ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्यांचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.१०च्या जागी ०.२० घातली की ताठपणा आठपट. ०.१५ आणि ०.२० हा फरक तर डोळ्याला कळतही नाही, मायक्रोमीटरच लागतो. पण ताठपणात तो जवळजवळ अडीचपट आहे. शिवाय दट्ट्याच्या एका बाजूची रास दाबताना काम करते, दुसऱ्या बाजूची परत उसळताना. दोन चकत्यांची अदलाबदल झाली किंवा अख्खी रास उलटी बसली तरी शॉक बाहेरून अगदी नव्यासारखा दिसतो.

आता नायट्रोजन. शॉक दाबला की दट्ट्याचा दांडाही नळीत शिरतो आणि तेवढी जागा मागतो. १४ मिलिमीटर जाडीचा दांडा १५० मिलिमीटर आत गेला तर २३ मिलिलिटर. तेल दाबलं जात नाही, म्हणून नळीच्या टोकाला किंवा शेजारच्या छोट्या डब्यात वायू ठेवतात आणि मध्ये सरकती चकती घालतात. पण मग दाब १५०-२०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) एवढा कशाला? दट्ट्या आत जाताना त्याच्या मागे दाब घटतो. तो फार घटला की तेलात विरघळलेली हवा बाहेर पडते, तेलात बुडबुडे होतात आणि दट्ट्या तेलाऐवजी फेसात फिरतो. बुडबुडा दाबला जातो, विरोध करत नाही.

हिशेब ढोबळ, पण बोलका आहे. नळीचा आतला व्यास ५० मिलिमीटर धरा. दांड्याच्या बाजूला दट्ट्याचं क्षेत्रफळ उरतं सुमारे १८०० चौरस मिलिमीटर. आत नुसता वातावरणाचा दाब असेल तर दट्ट्यामागचा दाब शून्यापर्यंत उतरला तरी विरोध जास्तीत जास्त १८० न्यूटन, म्हणजे १८ किलोच्या आसपास. त्यापुढे फेस. हाच शॉक २०० पीएसआयवर भरला की मर्यादा २७० किलोच्या घरात जाते. वायू निघून गेलेला शॉक हाताने दाबून पाहिला तर ठीक वाटतो, कारण हाताला एवढा वेग जमत नाही. दगडावर मात्र तो आधी काहीच करत नाही आणि मग खट्कन आपटतो. ही दाबयुक्त एकनळी रचना फ्रेंच अभियंते द कार्बन यांची, १९५०च्या दशकातली.

नायट्रोजन यासाठी, की तो कोरडा मिळतो आणि तापलेल्या तेलाशी अभिक्रिया करत नाही. बाकी त्यात जादू नाही. पंपावर टायरमध्ये 'नायट्रोजन मारून' ॲव्हरेज वाढतं असं सांगणाऱ्याला एवढंच विचारा, की साध्या हवेत ७८ टक्के काय असतं. शॉकमध्ये मात्र साधा कॉम्प्रेसर चालत नाही : त्याच्या हवेत ओलावा आणि ऑक्सिजन असतो, आणि बहुतेक गॅरेजचा कॉम्प्रेसर २०० पीएसआयपर्यंत पोहोचतही नाही. ऑक्सिजनचं सिलिंडर तर चुकूनही जोडू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल मिळून स्फोट होतो.

याच आकड्यांमुळे शॉक घरी उघडू नये. २०० पीएसआयला त्या ५० मिलिमीटरच्या झाकणावर आतून सुमारे २७५ किलोचा रेटा असतो. व्हॉल्व्हमधून वायू पूर्ण सोडल्याशिवाय सर्क्लिप (झाकण अडवणारी कडी) काढली तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. वायू सोडून सगळं व्यवस्थित केलं तरी तेल भरताना राहिलेला हवेचा बुडबुडा घरी तपासता येत नाही. बुश बदलल्यावर चाक हलवून कळतं काम झालं की नाही. शॉकच्या आतल्या कामाचा निकाल थेट वेगात, दगडावर लागतो. लहान ११०-१२५ सीसीच्या स्वस्त एटीव्हींचे शॉक बऱ्याचदा उघडण्याजोगे नसतातच. ते जोडीने बदलायचे.

उरलेलं सगळं घरचं काम. गाडी जॅकवर घ्या आणि चेसीखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा : खटखट आली तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा), बुश किंवा चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवा : तिथे प्ले (सैलपणा) असेल तर टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांडीचं, टोक. शॉकच्या दांड्यावर तेलाचा पातळ ओलावा चालतो. धुळीचा चिखल साचला असेल किंवा थेंब ओघळत असतील तर दांड्याभोवती तेल अडवणारं सील गेलं.

बुश बदलताना ए-आर्मचे बोल्ट काढा, जुनं बुश आणि आतली स्लीव्ह (धातूची नळी) दोन्ही बाहेर घ्या. स्लीव्हवर नखाला लागेल अशी खाच असेल तर नुसतं बुश बदलून चार दिवसांत पुन्हा प्ले येतो. लेथवाल्याकडून बुश करून घेणार असाल तर नायलॉन देऊ नका. ते पाणी शोषून फुगतं आणि पावसाळ्यात आर्म जाम होतो. ॲसिटल, म्हणजे बाजारात डेलरिन म्हणतात ते द्या. आर्म शॉकला जोडण्याआधी हाताने हलवून पाहा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यायला हवा. हवेत अडकून राहिला तर बुश घट्ट आहे. बॉल जॉइंट हातोड्याने ठोकून काढला तर आर्मचं घर अंडाकृती होतं आणि नवा जॉइंट त्यात बसत नाही, म्हणून प्रेस लावा. नायलॉक नट आणि स्प्लिट पिन नेहमी नवीन. बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्ह्यानेच आवळा आणि शेवटी पुढच्या चाकांचा टो (तोंडं किती आत-बाहेर वळली आहेत ते) तपासा.

शॉक काढून दुकानात पाठवणं हेही घरी होतं, मजुरी तेवढीच वाचते. काढताना स्प्रिंगला हात लावू नका. दाबून बसवलेल्या स्प्रिंगमध्येही भरपूर जोर असतो, तिला स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागतो. किनाऱ्यावर चालणाऱ्या गाड्यांचं, अलिबागपासून गोव्यापर्यंत, दुखणं वेगळं : खाऱ्या पाण्याने दांड्याच्या क्रोमवर बारीक खड्डे पडतात आणि ते नव्या सीलला कानसेसारखे कापतात. अशा दांड्यावर सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी दांडा बदलून घ्या. वाळूतून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर गनचा फवारा सीलवर सरळ मारू नका, तो वाळूचे कण आत ढकलतो.