‘स्की वळत नाही’ असे वाटते तेव्हा : फिनला हात लावण्यापूर्वी वाचावे

मध्य फ्लोरिडातील आमच्या तळ्यावर स्लॅलमच्या (बोटीमागे दोर धरून एकाच स्कीवर, पाण्यातल्या बोयांना वळसे घालत जाण्याच्या) सरावासाठी येणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे माहितीपत्रक आम्ही मुद्दाम मराठीत काढले आहे. टॅम्पा आणि ऑर्लँडो परिसरातले ग्राहक तर आहेतच, पण सुट्टीला जोडून अटलांटाहून सहकुटुंब गाडीने येणारेही आहेत, आणि धक्क्यावर पाऊल ठेवल्यावर त्यांच्यापैकी बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते : “स्की वळतच नाहीये, जरा फिन बघता का?” फिन, म्हणजे स्कीच्या शेपटाखालचे पाते, बघण्याविषयीच्या या प्रश्नाचे उत्तर देण्यात पहिल्या सेटचा (बोटीमागच्या एका पाळीचा) निम्मा वेळ निघून जातो. तो वेळ आपल्याला पाण्यात मिळावा, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहोत. आपण एका स्कीवर सहज उठता, बोटीमागच्या दोन्ही लाटा न अडखळता ओलांडता आणि कोर्समधून, म्हणजे बोये (तरंगते गोळे) मांडून आखलेल्या मार्गातून, निदान काही बोये घेतले (बाहेरून वळसा घालून पार केले) आहेत, असे आम्ही गृहीत धरतो.

बोयापाशी स्की वळत नाही हे आपल्याला जाणवते, ते खरेच असते. मात्र त्याचे कारण बहुतेक वेळा त्या बोयाच्या बऱ्याच आधी घडून गेलेले असते. थोडा हिशेब पाहावा. प्रवेशाच्या गेटपासून बाहेर पडण्याच्या गेटपर्यंत कोर्स २५९ मीटर लांब असतो. गेटपासून पहिला बोया २७ मीटरवर, पुढे दर ४१ मीटरवर एक असे एकूण सहा बोये, आणि प्रत्येक बोया बोटीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटर बाहेर. ताशी ५५ किलोमीटर वेगाने बोट हे अंतर १६.९५ सेकंदांत पार करते. म्हणजे एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला आपल्याला सुमारे २.७ सेकंद मिळतात, आणि अर्ध्या सेकंदात बोट साडेसात मीटर पुढे निघून गेलेली असते. पहिल्या बोयाला झालेला थोडासा उशीर दुसऱ्याला वाढतो, तिसऱ्याला आणखी वाढतो आणि चौथ्यापाशी दोर ढिला पडून स्की जागीच बसते. फेरी संपल्यावर लक्षात राहतो तो चौथा बोया. चूक मात्र गेटपाशी झालेली असते.

गेट आणि दुसरी लाट

पहिला बोया बोटीच्या उजवीकडे असतो, म्हणून आपण आधी डावीकडे बाहेर जातो आणि तिथून वळून गेटमध्ये शिरतो. येथे पुष्कळ जण पुरेसे रुंद जातच नाहीत. बाहेर जाण्यासाठी मारलेली ओढ अर्धवट सोडली जाते, स्की बोटीच्या मागेच रेंगाळते, आणि गेट जवळ आलेले पाहून घाईघाईने आत वळावे लागते. अरुंद जागेवरून वळल्यावर वेग मिळवण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो, तो जास्त वेळ लावावा लागतो, आणि त्यामुळे आपण बोयाच्या अलीकडे मोकळी जागा न ठेवता थेट त्याच्या अंगावर जाऊन पोहोचतो. रुंद जाऊन, दोर ताठ ठेवून, स्कीचा वेग बोटीच्या वेगाशी जुळेपर्यंत शांतपणे घसरत राहणे आणि मग हळूहळू वाढत जाणाऱ्या ओढीने आत येणे, हे दिसायला सोपे पण सवयीला कठीण असे काम आहे. आमच्याकडील पहिल्या दिवसाचा मोठा भाग आम्ही केवळ यावर घालवतो, आणि काही ग्राहकांना ते सुरुवातीला कंटाळवाणे वाटते हे आम्हाला ठाऊक आहे.

ओढ घेताना शरीर कसे असावे हे आपण ऐकलेले असेलच : घोटे वाकलेले, कंबर पायांच्या बरोबर वर, हात सरळ, हँडल कमरेजवळ. खुर्चीत बसल्यासारखी बैठक मागे गेली की सगळे वजन मागच्या पायावर येते, स्कीचे टोक वर उचलले जाते आणि मग कितीही जोर लावला तरी स्की आडवी जात नाही. खांद्यांनी बोटीपासून दूर झुकल्याने ओढ घेतल्याचा भास होतो, पण ती ओढ स्कीपर्यंत पोहोचत नाही.

खरी गफलत मात्र दुसऱ्या लाटेनंतर होते. ओढीचा सर्वाधिक भार बोटीच्या बरोबर मागे, मध्यरेषेपर्यंत यायला हवा, आणि तिथून तो सैल होत जाऊन स्की शरीराखालून पलीकडे निघून तिची पाण्यात रुतणारी कड बदलली गेली पाहिजे. उशीर झाला आहे असे वाटल्यामुळे स्कीअर दुसरी लाट ओलांडल्यावरही ओढतच राहतो. तेव्हा काय होते, हे आपण स्वतः अनुभवले असेल : बोट अचानक हिसका देते, हात शरीरापासून दूर खेचले जातात, छाती बोटीकडे वळते, एक हात वेळेआधीच हँडलवरून सुटतो आणि पुढच्याच क्षणी दोराला झोळ पडतो. झोळ पडलेल्या दोरावर कोणतीही स्की वळत नाही, कारण तिला धरून ठेवणारी ओढच उरलेली नसते. “स्की वळत नाही” या तक्रारीचा उगम बहुतेक वेळा येथे असतो. दुसरी लाट ओलांडल्यावर दोन्ही हात हँडलवर आणि हँडल अंगाजवळ ठेवून कड पूर्ण बदलू द्यावी, आणि मगच बोयाच्या बाजूचा हात सोडून दुसऱ्या हाताने हँडल सावकाश पुढे जाऊ द्यावे. एवढे जमले की दोर ताठ राहतो आणि आदल्या दिवसापर्यंत ‘न वळणारी’ तीच स्की वळू लागते. हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की प्रत्येक सेटचे चित्रण बोटीतून करून ते धक्क्यावर लगेच दाखवण्याची पद्धत आम्ही त्याचसाठी ठेवली आहे.

फिन : ज्या एका चुकीने दिवस वाया जातो

गेल्या मोसमात एक ग्राहक तीन दिवसांच्या सरावासाठी आले. निघण्यापूर्वी आदल्या रात्री त्यांनी फिनच्या पकडीचे स्क्रू सैल करून फिन ‘थोडी पुढे’ घेतली होती, आणि त्यानेही समाधान झाले नाही म्हणून सकाळी आमच्या वाहनतळावर ती ‘थोडी खाली’ घेतली. आधीची मापे कोठेही लिहिलेली नव्हती. स्की त्यांच्या अंगवळणी पडलेली होती, पण आता ती नेमकी कशी होती हे सांगणारे काहीच उरले नव्हते. धक्क्यावर बसून त्यांच्याबरोबर मूळ मापांच्या जवळ पोहोचण्यात आमची एक संपूर्ण सकाळ गेली. त्यांच्या चेहऱ्यावरची हळहळ पाहून आम्हालाही वाईट वाटले, कारण त्यांची स्की मुळात ठीकच होती.

फिनची चार मापे असतात : लांबी, खोली, शेपटापासूनचे अंतर आणि विंगचा (फिनवरच्या लहान आडव्या पंखाचा) कोन. आजच्या बहुतेक स्पर्धा-स्कींवर खोली अडीच इंचांच्या आसपास, लांबी पावणेसात ते सात इंचांच्या दरम्यान, शेपटापासूनचे अंतर पाऊण इंचाच्या जवळपास आणि विंग साधारण सात ते नऊ अंशांवर असते. ही मापे स्लॉट कॅलिपर या सूक्ष्म मोजमापाच्या साधनाने इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत घेतात, आणि सरावलेल्या स्कीअरला ०.०१० इंचाचा, कधी त्याहूनही कमी बदल पायाखाली जाणवतो. डोळ्यांच्या अंदाजाने केलेला ‘थोडासा’ बदल याच्या कितीतरी पट असतो. शिवाय लांबी कॅलिपरच्या टोकांनी मोजली की सपाट जबड्यांनी, यावर आकडा बदलतो. म्हणून मित्राने फोनवर सांगितलेली मापे आपल्या फिनवर जशीच्या तशी लावल्यास फसगत होते. साधारणपणे फिन पुढे घेतली की स्कीचे टोक पाण्यात अधिक पकड घेते आणि खोली वाढवली की शेपूट कमी घसरते. परंतु एक माप हलवताना पकडीत फिन जराशी तिरपी झाली तर बाकीची मापेही हलतात, आणि आपण एक गोष्ट बदलली असे समजत असताना प्रत्यक्षात तीन बदललेल्या असतात.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की स्क्रूला हात लावण्यापूर्वी चारही मापे लिहून ठेवावीत. कॅलिपर नसेल तर फिन अजिबात हलवू नये. आमच्याकडे आल्यावर पहिल्या सेटपूर्वी आम्ही प्रत्येकाची मापे विनामूल्य घेतो, बुटांची जागाही मोजतो आणि हे सगळे कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहून ती पट्टी आपल्या स्कीच्या पिशवीत आतल्या बाजूला लावून देतो. त्याची एक नोंद आमच्या वहीतही राहते. दोन वर्षांनी आलेल्या ग्राहकाला त्याची जुनी मापे या वहीतून काढून दिल्याचे प्रसंग अनेक आहेत.

पहिल्या दोन सेटमध्ये आम्ही फिन हलवत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. लांबून पैसे खर्चून आलेल्या माणसाला ताशी ४६ किलोमीटर वेगाने आणि १८.२५ मीटरच्या लाल दोरावर पाठवले की आपल्याला नवशिक्यांत काढले, असे वाटू शकते. तसे मुळीच नाही. कमी वेगात गेट आणि दुसरी लाट यांतली चूक उघडी दिसते आणि सुधारायला वेळही मिळतो. त्या वेगाने सलग तीन फेऱ्या पूर्ण झाल्या आणि तरीही स्की एकाच बाजूला, एकाच प्रकारे अडत असेल, तर आम्ही स्वतःहून कॅलिपर काढतो. तेव्हाही आधी बूट पाहतो, कारण स्कीच्या शेपटापासून टाचेपर्यंतचे अंतर एका भोकाने बदलल्यास स्कीचा तोल फिनपेक्षा अधिक स्पष्टपणे बदलतो. त्याबरोबर फिन वाकलेली नाही ना, पकडीचे स्क्रू घट्ट आहेत ना आणि स्की काँक्रीटवर टेकवून टेकवून शेपटाची कड झिजलेली नाही ना, हेही तपासतो. स्कीची लांबी आपल्या वजनाला आणि वेगाला साजेशी नसेल तर तसे स्पष्ट सांगतो. अशा वेळी ६५ ते ६८ इंचांच्या काही स्की आमच्याकडे चालवून पाहण्यासाठी ठेवलेल्या आहेत. दोन सेट चालवून मगच विकत घेण्याचा विचार करावा, आणि न घेतल्यास आमची काहीही हरकत नाही.

दोर लवकर आखूड करण्याची घाईही आम्ही करू देत नाही. १८.२५ नंतर १६, १४.२५, १३ आणि १२ मीटर असे टप्पे येतात, आणि त्यापुढचा ११.२५ मीटरचा दोर तर बोयाच्या अंतराहून आखूड असतो. उरलेले अंतर स्कीअरला स्वतःच्या शरीराने गाठावे लागते. पहिल्या बोयाला उशीर करणाऱ्याला तिथपर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही.

बोटीविषयी

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण येथे सरसकट लावणे अन्यायाचे होईल, कारण बोटीच्या बाबतीत अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते. स्लॅलमसाठी बनवलेल्या बोटीत इंजिन मधोमध असते आणि त्याचा दांडा सरळ मागे पंख्याकडे जातो. वजन मध्यभागी राहिल्यामुळे मागची लाट बुटकी आणि मऊ असते. ऑर्लँडोतच तयार होणारी स्की नॉटिक किंवा टेनेसीची मास्टरक्राफ्ट प्रोस्टार या जातीच्या बोटी आहेत. अनेक कुटुंबांकडे असलेल्या वेकबोर्ड किंवा वेकसर्फच्या बोटीत इंजिन मागच्या टोकाला असते आणि लाट मोठी व्हावी म्हणून पाण्याच्या टाक्याही असतात. त्या खेळांसाठी ती उत्तम बोट आहे, पण तिच्या मागे स्लॅलम करताना लाटेवर स्की उडते आणि ओढ नेमकी मध्यरेषेवर तुटते. घरी अशीच बोट असेल तर टाक्या पूर्ण रिकाम्या कराव्यात, लाट वाढवणाऱ्या मागच्या पट्ट्या वर उचलाव्यात, सोबतच्या मंडळींना पुढे बसवावे आणि दोर उंच टॉवरला न बांधता खालच्या खांबाला बांधावा. टॉवरवरून येणारी ओढ शरीराला वर उचलते आणि आडव्या जोरदार ओढीने बोटही कलते.

आपली स्वतःची बोट आमच्या कोर्सवर आणण्याची परवानगी आम्ही देत नाही, याचे कारणही हेच. प्रत्येक फेरीत लाट, वेग आणि बोटीचा मार्ग सारखा राहिला तरच बदल स्कीअरमध्ये झाला की साधनात, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. आमच्या बोटीवर जीपीएसवर चालणारे झिरो ऑफ वेगनियंत्रण आहे. आपण ओढ घेतली की इंजिनने कधी आणि किती जोराने प्रतिसाद द्यावा, हे त्यात एक अक्षर आणि एक आकडा निवडून ठरते. नव्या ग्राहकांना आम्ही बी-२ या मधल्या जोडीवर ठेवतो आणि तीही आपल्या पट्टीवर लिहितो, म्हणजे इतरत्र सराव करताना चालकाला ती सांगता येईल.

येताना स्की, बूट, हातमोजे आणि असल्यास जुन्या मापांचा कागद आणावा. दोर आणि हँडल आमच्याकडे मिळेल. उन्हाळ्यात येथे दुपारनंतर विजांसह पाऊस येतो आणि वीज दिसली की आम्ही बोट ताबडतोब धक्क्याला लावतो, म्हणून जून ते सप्टेंबर या महिन्यांत शक्यतो सकाळचे सेट मागावेत. मोजमापासाठी आपल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी यावे, आणि तोपर्यंत स्क्रूड्रायव्हर गाडीतच राहू द्यावा.